‘जैसे थे’

मामा ग्लासगोहून येतो तेव्हा त्याच्या बॅगेत औषधं, लोकरीचे मोजे आणि माझ्यासाठी काहीतरी वाजणारं असतं. एका वर्षी हार्मोनिका होती, एका वर्षी गिटारच्या तारांचे सहा संच. या खेपेला त्याने टॉवेलात गुंडाळलेली एक जुनी जोड-रेकॉर्ड काढली. कव्हराच्या कडा झिजलेल्या, एका बाजूला पिवळी पडलेली चिकटपट्टी. ‘स्टेटस क्वो : लाइव्ह’. ऑक्टोबर १९७६ मध्ये ग्लासगोच्या अपोलो थिएटरात ध्वनिमुद्रित झालेली, पुढच्या वर्षी बाजारात आलेली.

“ही आता तुझी,” तो म्हणाला. “यात मी आहे.”

“यात? कुठे?”

“टाळ्यांत.”

मामा १९७४ मध्ये इंजिनिअर म्हणून स्कॉटलंडला गेला आणि तिथलाच झाला. दर हिवाळ्यात महिनाभर सांगलीच्या घरी राहून जातो. मी पुण्यात गिटार शिकवते. तो आला की शनिवार-रविवार सांगली गाठते. आमचं बहुतेक गोष्टींवर पटतं, या एका बँडवर मात्र कधीच पटलं नाही. त्याच्या मते हा बँड १९८१ मध्ये संपला आणि त्यानंतर त्या नावाखाली जे चाललं तो धंदा. माझ्या मते साठ वर्षं टिकून राहणं ही यांची सगळ्यात मोठी कामगिरी आहे, आणि मामाच्या पिढीने तिची किंमत केलेली नाही. या खेपेला दोन संध्याकाळ आम्ही दुसरं काही बोललोच नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. कोर्टाने एखाद्या वादात ‘जैसे थे’ आदेश दिला असं आपण पेपरात वाचतो, त्या ‘जैसे थे’साठी इंग्रजीत वापरतात ते लॅटिन शब्द म्हणजे स्टेटस क्वो. बूगी-रॉक वाजवणारा हा लंडनचा बँड. तीन कॉर्ड, दोन टेलिकास्टर गिटार, जीन्स, लांब केस, माना खाली. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत साठाहून अधिक गाणी चढवणारा. आणि नाव ‘जैसे थे’ असूनही माणसं, कपडे, आवाज सगळं बदलत गेलेला.

“तू त्यांना पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा ते कसे होते?” मी विचारलं. मला हे ठाऊक होतं, पण त्याच्याकडून पुन्हा ऐकायचं होतं.

“अपोलोचं स्टेज माहितीये? माणसाच्या दुप्पट उंच. खाली बसणाऱ्यांना मान वर करूनच बघावं लागायचं. मी वर बाल्कनीत होतो. कारखान्यातल्या एका पोराने तिकीट दिलेलं. मला वाटलं, दोन गाणी ऐकू आणि शेवटची बस पकडू. त्यांनी सुरुवात केली आणि पायाखालची बाल्कनी हलायला लागली. अगं, खरंच हलायला लागली, वर-खाली. मी इंजिनिअर माणूस. गाणं कानावर यायच्या आधी माझं लक्ष त्या हलण्याकडे गेलं. शेजारचा म्हणाला, घाबरू नकोस, ही अशीच आहे. नाचायला लागले लोक की हलते.”

“आणि तू?”

“मीही हललो की. दुसरं काय करणार?” तो थांबला. “दोन वर्षं झाली होती मला तिथे. भाषा कळायची नाही, त्यांचं इंग्रजी म्हणजे वेगळंच. त्या रात्री पहिल्यांदा मी हजारभर लोकांबरोबर एकाच वेळी एकच गोष्ट केली.”

मामाच्या बाजूने बोलणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्या बाल्कनीत नव्हते. मी त्यांना ऐकलं २०१४ मध्ये, हेडफोनवर, ‘अॅक्वॉस्टिक’ या अल्बमातून. त्यात तीच जुनी गाणी बिनविजेच्या गिटारवर, व्हायोलिनच्या साथीने वाजवलेली होती. मामाच्या लेखी तो अल्बम म्हणजे पैलवानाला शेरवानी चढवून फोटोला उभं करणं.

“पण मामा, कपडे तर ते सुरुवातीपासून बदलत आलेत,” मी म्हटलं. “बासष्ट साली शाळेत होते तेव्हा त्यांचा गायक-गिटारवाला रॉसी ट्रम्पेट वाजवायचा आणि बेसवाला लँकेस्टर ट्रॉम्बोन. शाळेच्या वाद्यवृंदात. मग बँडचं नाव स्कॉर्पियन्स, मग स्पेक्टर्स, मग ट्रॅफिक जॅम. अडुसष्टमध्ये पहिलं गाणं चाललं, ‘पिक्चर्स ऑफ मॅचस्टिक मेन’, ते तर बूगीच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. झालरीचे सदरे घालून, गरगरणाऱ्या गिटारचं गाणं. ब्रिटनमध्ये सातवं आणि अमेरिकेत बारावं आलं.”

“आणि त्यानंतर अमेरिकेने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.”

“हो, ते खरं. पण तेव्हाच ते थांबले असते तर तुझी बाल्कनी हलली नसती. म्हणजे बदल तेव्हा चालला. मग नंतरचा का चालत नाही?”

मामाने चहाचा कप खाली ठेवला. “कारण तो बदल आतून आला होता. त्याआधी लोकांनी दिलेले कपडे घालून लोकांनी सांगितलेलं वाजवत होते. एकोणसत्तरमध्ये पैसे संपले, गाणी पडायला लागली, आणि कुणाला यांच्याकडून काही नको होतं. मग एकदा जर्मनीत, बीलेफेल्डला, एका क्लबात बसले असताना ‘डोअर्स’चं ‘रोडहाउस ब्लूज’ लागलं. रॉसी आणि दुसरा गिटारवाला पार्फिट बघत बसले, एक जोडपं त्यावर नाचत होतं. त्या चालीत त्यांना आपली चाल सापडली. झालरी काढून टाकल्या आणि घरी घालायच्या जीन्सवर स्टेजवर गेले. हा बदल मी मानतो. माणूस दुसऱ्याचे कपडे काढून स्वतःच्या कपड्यांत येतो, त्याला मी बदल म्हणतच नाही. ते घरी येणं आहे.”

हे त्याने इतकं सहज सांगितलं की मी पुढचा मुद्दा विसरले. सत्तर ते शहात्तर या वर्षांबद्दल आमच्यात भांडण नाहीच. ‘डाउन द डस्टपाइप’ने वाट दाखवली, ‘पाइलड्रायव्हर’च्या कव्हरवर रॉसी, पार्फिट, लँकेस्टर तिघेही माना खाली घालून गिटारवर वाकलेले दिसतात, आणि तीच त्यांची कायमची छबी झाली. ‘हॅलो!’, ‘ऑन द लेव्हल’, ‘ब्लू फॉर यू’ हे तीनही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. जानेवारी १९७५ मध्ये ‘डाउन डाउन’ हे गाणं पहिलं आलं. बॉब यंग नावाचा माणूस दौऱ्याची व्यवस्था बघायचा, स्टेजवर येऊन हार्मोनिका वाजवायचा आणि रॉसी-पार्फिटबरोबर गाणीही लिहायचा. समीक्षक नाकं मुरडायचे की यांना तीनच कॉर्ड येतात. मामाला याचा अजून राग आहे.

“तीन कॉर्ड म्हणजे काय, ते यांना दाखव जरा,” तो मामीकडे आणि शेजारून आलेल्या काकूंकडे हात करत म्हणाला.

मी गिटार घेतली. कागदावर बघितलं तर खरोखर काहीच नाही. सा, मध्यम आणि पंचम, या तीन सुरांवर उभे असलेले तीन कॉर्ड. पाचवी तार मोकळी सोडायची, चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर तर्जनी. मग अनामिका चौथ्या पडद्यावर टेकवायची आणि उचलायची, टेकवायची आणि उचलायची. डाव्या हाताचं काम संपलं. सगळं काम उजव्या हाताचं. एका मात्रेचे तीन भाग करायचे, मधला गाळायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. तळहाताची कड तारांच्या मुळाशी अशी टेकवायची की सूर गुदमरतो पण मरत नाही. थोडी जास्त दाबली तर नुसतं ठक-ठक. थोडी उचलली तर सगळ्या तारा कल्लोळ करतात. आणि प्रत्येक आघात वरून खाली.

पहिलं मिनिट सोपं जातं. दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं. तिसऱ्याला दंड. माझे विद्यार्थी चौथ्या मिनिटाला वेग तरी वाढवतात, नाहीतर मधल्या रिकाम्या जागेत काहीतरी भरतात, कारण रिकामी जागा सोसवत नाही. रिक पार्फिट हे दोन-दोन तास करायचा, जाड तारांवर, पन्नास वर्षं. रॉसी त्याच्यावर बोटं नाचवायचा आणि टाळ्या घ्यायचा. खालची जमीन पार्फिटची असायची. माझ्या मते या बँडचं सगळं दैव त्या एका उजव्या हातावर उभं होतं. तबलजी लहानपणापासून ठेका धरायला शिकतो ते हेच. धरून ठेवणं. ज्याला ते साधत नाही तो बोल वाढवतो.

काकू म्हणाल्या, “हे तर भजनातल्यासारखं झालं. एकाने चाल सोडायची नाही.” मामाने मोठ्याने मान डोलावली.

“मग बघ,” मी त्याला पकडलं. “एकच चाल न सोडणं हा जर गुण असेल, तर ती शेवटपर्यंत न सोडणाऱ्यावर तुझा राग का?”

“चाल सोडली नाही? सत्त्याहत्तरमध्येच सोडली. ‘रॉकिन’ ऑल ओव्हर द वर्ल्ड’ आठव. एक तर गाणं जॉन फॉगर्टीचं, उसनं. त्यात निर्मात्याने सगळं गुळगुळीत करून टाकलं. त्याची फिल्म बघितलीयेस ना? लँकेस्टर तेव्हा ऑस्ट्रेलियात होता. तर त्याच्या जागी यांनी काय उभं केलं? बाहुलं! माणसाएवढं बाहुलं, हातात बेस गिटार, दोऱ्यांनी हलवलेलं.” त्याचा आवाज चढला. “ज्याच्याबरोबर शाळेत सुरुवात केली, त्याच्या जागी बाहुलं उभं करता येतं हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी पुढचं सगळं ठरलं.”

मी ती फिल्म अनेकदा पाहिलीये. मला त्यात खेळकरपणा दिसायचा. मामा बोलला त्यानंतर पुन्हा पाहिली, आणि आता ते बाहुलं मला तसं दिसत नाही.

पुढचं त्याने भराभर सांगितलं. १९८१ च्या शेवटी ड्रमवाला जॉन कॉगलन रेकॉर्डिंगच्या मध्येच उठून गेला. १९८३ मध्ये ‘मार्गरीटा टाइम’ आलं, गोड, झुलतं गाणं. तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण लँकेस्टरला ते इतकं लाजिरवाणं वाटलं की तो टीव्हीवर ते वाजवायला आला नाही आणि त्याच्या जागी ‘स्लेड’ बँडच्या जिम ली याला उभं करावं लागलं. “बाहुल्याच्या जागी माणूस आला, एवढंच,” मामा म्हणाला. १९८४ मध्ये निरोपाचा दौरा केला, जुलैमध्ये मिल्टन कीन्सच्या मैदानात शेवटचा कार्यक्रम. मामा ग्लासगोहून तिथवर गेला होता, मामी तेव्हा सात महिन्यांची गरोदर.

“आणि पुढच्या वर्षी तेरा जुलैला, दुपारी बारा वाजता, वेम्बलीत ‘लाइव्ह एड’ची सुरुवात कुणी केली?” मी विचारलं. “निरोप घेतलेल्यांनी. सगळ्या जगाने ते पाहिलं. आज स्टेटस क्वो म्हटलं की लोकांना आठवतो तो हाच क्षण, आणि गाणंही तेच उसनं. त्या दिवशी ते गाणं त्यांचं झालं, मामा. फॉगर्टीचं राहिलं नाही.”

“मान्य. त्या दुपारी मीही टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण त्या दिवशी लँकेस्टर होता. बघ आठवून. तो होता! त्यानंतर त्याला वगळून बाकीच्यांनी नाव घेतलं आणि पुढे निघाले. तो कोर्टात गेला की या नावाने तुम्हाला काही करता येणार नाही. शेवटी तडजोड झाली, आणि तो ऑस्ट्रेलियात राहिला तो राहिलाच. आता तू सांग, तुझ्या घरातून एक भाऊ बाहेर पडला तर घराचं नाव कुणाकडे जातं?”

“जो घरात राहून चूल पेटती ठेवतो त्याच्याकडे.”

“आणि पाया कुणी घातला ते?”

या प्रश्नाशी आम्ही बराच वेळ अडकलो. १९८६ मध्ये नव्या माणसांनिशी त्यांनी ‘इन द आर्मी नाऊ’ केलं. तेही उसनं, बोलंड या डच भावांचं. ते ब्रिटनमध्ये दुसरं आलं, युरोपभर वाजलं, आणि बँडला पुढची तीस वर्षं मिळाली. मामा म्हणतो, त्यात बूगी कुठे आहे? मी म्हणते, जॉन एडवर्ड्सचा बेस ऐक. तो १९८६ मध्ये आला. लँकेस्टर बँडमध्ये जितकी वर्षं होता त्याहून कितीतरी जास्त वर्षं एडवर्ड्स उभा आहे. तो ‘नवा’ कधी संपणार?

मामा याला उत्तर देत नाही. ‘नवा’च म्हणतो.

दुसऱ्या संध्याकाळी बोलणं नव्वदच्या दशकावर आलं, आणि तिथे मला बचाव करणं जड गेलं. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये एका दिवसात चार ठिकाणी कार्यक्रम: शेफील्ड, ग्लासगो, बर्मिंगहॅम, वेम्बली. बारा तासांच्या आत. मामा ग्लासगोच्या कार्यक्रमाला होता. “घड्याळ बघत वाजवत होते. पाट्या टाकल्या आणि विमानात बसले.” मग १९९४ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंबरोबर फुटबॉलचं गाणं, तेही पहिल्या क्रमांकावर. १९९६ मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांनी भरलेला ‘डोंट स्टॉप’. त्यातलं ‘बीच बॉइज’बरोबर केलेलं गाणं बीबीसीच्या रेडिओ वनने वाजवायच्या यादीत घेतलं नाही, तर हे कोर्टात गेले. हरले. तरुणांचं रेडिओ केंद्र, आणि पन्नाशीकडे निघालेले हे लोक न्यायाधीशापुढे सांगतायत की आम्हाला वाजवा.

“त्यांचा मुद्दा बरोबर होता,” मी म्हटलं. “लोक रेकॉर्ड विकत घेत होते. वय बघून गाणं बाहेर ठेवणं हा अन्यायच आहे.”

“मुद्दा बरोबर होता गं. गाणं बरोबर नव्हतं.”

मग त्याने ऑस्ट्रेलियातल्या एका सुपरमार्केटची जाहिरात काढली. २०१२. ‘डाउन डाउन’ची चाल, शब्द बदलून भाव उतरल्याचे केलेले, आणि लाल रंगाचे भलेमोठे हात घेऊन स्वतः रॉसी आणि पार्फिट. मामाला ही जाहिरात त्याच्या ग्लासगोच्या मित्राने दाखवली तेव्हा तो त्या मित्राशी आठवडाभर बोलला नव्हता.

“वाण्याचं दुकान करून टाकलं,” तो म्हणाला.

इथे मला राग आला. खरा राग. आजोबांचं सांगलीत किराणा मालाचं दुकान होतं, याच घराच्या पुढच्या खोलीत. मामा ते दुकान नको म्हणून शिकला, आणि शिकून गेला.

“दुकान ही शिवी नाही, मामा. आजोबा पहाटे साडेपाचला फळ्या काढायचे. प्रत्येक फळीवर आकडा घातलेला, एक ते अकरा, आणि रात्री त्याच क्रमाने खाचेत बसवायचे. मी लहानपणी आकडे त्या फळ्यांवर शिकले. पन्नास वर्षं त्यांनी रोज तेच केलं. रॉसीच्या घरी आइस्क्रीमचा धंदा होता, बाप इटालियन वंशाचा, दक्षिण लंडनमध्ये गाडी फिरवायचे. त्या पोराला माहीत होतं की गाडी रोज निघाली पाहिजे. पाऊस असला तरी. तो मोठा झाला आणि त्याने बँड तसाच चालवला. तू त्याला धंदा म्हणतोस, मी त्याला पोटाची शिस्त म्हणते. किती मोठे बँड त्यांच्याबरोबर निघाले आणि व्यसनात, भांडणात, स्वतःच्या प्रेमात बुडाले. हेही बुडाले होते. कोकेनने रॉसीच्या नाकातल्या पडद्याचा तुकडा झडून पडला, पार्फिटच्या हृदयावर १९९७ मध्ये चार ठिकाणी बायपास झाली. आणि तरी दर वर्षी यांनी फळ्या काढल्या.”

मामा गप्प झाला. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली. मला वाटलं मी त्याला दुखावलं.

मग तो हळू म्हणाला, “तुझ्या आजोबांनी पन्नास वर्षं दुकान चालवलं हे खरं. पण त्यांनी तुरीच्या डाळीत लाखाची डाळ कधी मिसळली नाही. दुष्काळात सगळ्या पेठेने मिसळली. त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, डाळ नाही. आहे ते न्या, नाहीतर परवा या. माझं म्हणणं एवढंच आहे. रोज तेच विकलं म्हणून मी त्यांच्यावर रागावलो नाही. मला तेच हवं होतं! मी पुन्हा पुन्हा त्यासाठीच जात होतो. त्यांनी त्यात दुसरं मिसळलं आणि पुडीवर नाव तेच ठेवलं.”

इतक्या वर्षांत मला वाटत होतं की मामाला बदल नको आहे आणि मला हवा आहे. तसं नाही. त्याला हवी होती ती शुद्ध पुनरावृत्ती, आणि ती टिकवायला किती कष्ट लागतात हे त्याला माझ्याइतकंच कळतं. लोक या बँडला हसले ते ‘हे तेच तेच वाजवतात’ म्हणून. स्वतः बँडही त्यात सामील झाला, २००७ च्या अल्बमाचं नावच ‘चौथ्या कॉर्डच्या शोधात’ अशा अर्थाचं ठेवलं. पण ज्या ज्या वेळी त्यांची घसरण झाली, त्या त्या वेळी ते त्या चालीपासून दूर गेलेले होते, हे मामाचं म्हणणं मला आता खोडता येत नाही. अडुसष्टनंतर, आणि शहाण्णवमध्ये. मात्र ‘इन द आर्मी नाऊ’ला हा नियम लागू पडत नाही, आणि माझा ‘अॅक्वॉस्टिक’ही त्यात बसत नाही. तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला होता. बिनविजेच्या गिटारवर ती चाल मोकळी पडल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आलं की त्या गोंगाटाखाली केवढी सुरेल गाणी होती.

“बरं, २०१३ चं सांग,” मी म्हटलं.

त्या वर्षी मार्चमध्ये जुने चौघे पुन्हा एकत्र आले. रॉसी, पार्फिट, लँकेस्टर, कॉगलन. मामा गुडघ्याला पट्टा बांधून लंडनला, हॅमरस्मिथच्या कार्यक्रमाला गेला. बत्तीस वर्षांनी. मला वाटलं, तो डोळे मिटून त्या रात्रीचं कौतुक करेल.

“लँकेस्टरची तब्येत ढासळली होती. सावकाश चालत आला. मला आधी वाटलं, यांनी हे करायला नको होतं. पण कॉगलनने ठेका धरला आणि...” त्याने टेबलावर हात ठेवला, पालथा. “चुकत होते. खूप चुकत होते. अगं, रॉसीचा नवा बँड एकही चूक करत नाही. हे चौघे चुकत होते आणि तरी एकत्र चुकत होते. चौघांचं वजन एकाच पायावर. मी जे शहात्तरमध्ये ऐकलं ते हेच होतं. माझ्या आजूबाजूला सगळे माझ्याच वयाचे. रडत होते बरेचसे.”

“तूही?”

“मीही.”

पुढच्या वर्षी ते चौघे आणखी एक दौरा करून वेगळे झाले. जून २०१६ मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला कार्यक्रमानंतर पार्फिटला हृदयविकाराचा झटका आला. तो पुन्हा बँडबरोबर स्टेजवर आला नाही. त्याच वर्षी चोवीस डिसेंबरला स्पेनमध्ये, मार्बेयाला तो गेला. अडुसष्ट वर्षांचा होता. लँकेस्टर २०२१ मध्ये सिडनीत गेला.

पार्फिट गेल्याचं कळलं तेव्हा ग्लासगोत नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि पुण्यात रात्र. मामाने मला फोन केला होता, पण काही बोलला नाही. म्हणाला, तुझी गिटार वाजव जरा. मी वाजवली. फोन टेबलावर ठेवून, मनगट भरून येईपर्यंत. त्या रात्रीबद्दल आम्ही नंतर कधी बोललो नव्हतो. या खेपेलाही नाही.

मी फक्त एवढं विचारलं, “२०१९ चा ‘बॅकबोन’ ऐकलास?”

“नाही. पार्फिट नाही, मग कसला कणा?”

“रॉसी आहे. अँडी बाउन आहे, एडवर्ड्स आहे. ड्रम्सवर लिऑन केव्ह. आणि पार्फिटच्या जागी रिची मलोन. आयर्लंडचा मुलगा. हीच गाणी ऐकत लहानाचा मोठा झाला. त्याने ती चाल जशी घेतली तशी कुणी शिकवून येत नाही.”

“जागी म्हणू नकोस.”

“बरं. बाजूला.”

मी फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि पहिलं गाणं लावलं. मामाने कानातलं यंत्र थोडं फिरवलं. पहिलं कडवं होईपर्यंत तो रॉसीच्या आवाजाकडे लक्ष देत होता, कपाळाला आठी. सत्तरीतला आवाज, पातळ झालेला. मग आठी तशीच राहिली, पण त्याचं डोकं किंचित डावीकडे झुकलं. मला ते झुकणं ओळखीचं आहे. वर्गात एखादा मुलगा खालची गिटार ऐकायला लागला की असंच करतो. मांडीवर तर्जनी उठली, टेकली. मधली जागा रिकामी.

गाणं संपलं. मी पुढचं लागू दिलं नाही.

“पोराचा हात बसलाय,” मामा म्हणाला.

“आणि नाव?”

“नावाचं मी काल सांगितलं तेच.” त्याने रेकॉर्डचं कव्हर उचललं, सुटत आलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली, आणि माझ्या हातात दिलं. “पहिल्यापासून लाव परत. मला त्याचा उजवा हात नीट ऐकू दे.”